आम्ही, खामगावातलं एक प्रेक्षणीय स्थळ

बुलढाणा जिल्ह्यात मित्रांकडे एक दिवस निवांत घालवायचा असेल, तर रजा दोन दिवसांची काढावी. दुसरा दिवस घरी येऊन विश्रांती घ्यायला लागतो. 'या राजेहो, काई करायचं नाई, नुसतं बसायचं,' असं फोनवरचं आमंत्रण असतं. त्यात खोटं काही नाही. बसायचंच असतं. फक्त कुठे बसायचं, कोणासमोर बसायचं, दिवसाकाठी किती घरांत बसायचं आणि प्रत्येक घरात काय काय खात बसायचं, हा तपशील फोनवर सांगत नाहीत.

माझे पुण्याच्या होस्टेलवरचे तीन मित्र या जिल्ह्यात आहेत. दोन खामगावचे. त्यांतला एक शाळेत शिकवतो म्हणून 'सर' आणि दुसरा कोर्टात जातो म्हणून 'वकीलसाहेब'. तिसरा बुलढाणा शहरातला. तो पोटापाण्याला काय करतो याच्याशी खामगावकरांना कर्तव्य नाही; त्यांच्या लेखी त्याची ओळख एकच, 'घाटावरचा'. मे महिन्यात तिघांना एकत्र गाठावं, गप्पा माराव्यात, जमलं तर गाव पाहावं, एवढाच माझा बेत होता. गावाचा बेत मला पाहण्याचा होता.

याला कारण आहे. बुलढाण्याची कीर्ती पुष्कळशी पाहुण्यांनी केलेली आहे. बाहेरून कोणीतरी न सांगता यावं, इथे राहून जावं आणि जिल्ह्याचं नाव व्हावं, असं इतक्या वेळा घडलंय की इथला माणूस कोणत्याही नव्या पाहुण्याकडे जरा आशेनेच बघतो. काय सांगावं, हाही काहीतरी निघायचा!

मुंबईहून रात्री सुटणारी अमरावती एक्स्प्रेस पहाटेच्या अंधारात शेगावला उतरवते. निम्मा डबा माझ्याबरोबर उतरला. त्यांना गजानन महाराजांच्या दर्शनाला जायचं होतं, मला सरांकडे. पण शेगावात रिक्षावाल्यापासून सेवाधाऱ्यापर्यंत सगळे सगळ्यांना 'माउली' म्हणतात, त्यामुळे फलाट संपेपर्यंत आपणही थोडे पवित्र होतो.

शेगावचा पाहुण्यांशी संबंध जुना. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज इथे पहिल्यांदा दिसले ते बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. कुठले, कोणाचे, कोणाला ठाऊक नव्हतं. ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली तोवर त्यांच्या पायाशी सगळं वऱ्हाड लोटत होतं, पण मूळ गावाचा पत्ता काही त्यांनी दिला नाही. या एका प्रसंगाने जिल्ह्याच्या पाहुणचाराला जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही. न जाणो, दारात उभा असलेला इसम कोण असेल! म्हणून इथे आधी ताट, मग चौकशी. चौकशी मात्र सोडत नाहीत. महाराजांच्या बाबतीत जे कुतूहल फिटायचं राहिलं, ते पुढे येणाऱ्या एकेका पाहुण्याकडून फेडून घेतात.

सर फलाटावर उभे होते. हातात तेल सुटलेली कागदाची पुडी.

"गरम हाय. पयले खा, मंग भेटू."

"अरे, दात घासायचेत अजून."

"दात कुठी पळून जातेत का? कचोरी थंडी व्हते."

शेगावची कचोरीही मुळात पाहुणीच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५०च्या सुमारास स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली, आणि पुढे तिचं असं काही बस्तान बसलं की आज पुण्या-मुंबईच्या चौकात 'शेगाव कचोरी' अशी पाटी दिसली की लोक वऱ्हाडाचा पारंपरिक पदार्थ म्हणून खातात. आकार साधा, चपटा, हातभर मसाल्याचा बडेजाव नाही. बरोबर दही नाही, चिंचेचं पाणी नाही, शेव-कांद्याची सजावट नाही. फक्त तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. ती एकदम अख्खी चावायची नसते, तर कचोरीच्या प्रत्येक घासाला तिचा एक तुकडा हिशेबाने तोडायचा असतो. पहाटेच्या पहिल्या तुकड्यालाच माझी झोप डोळ्यांवाटे वाहून गेली. सर कौतुकाने बघत होते. "लागली का? मंग झालं. आता तुमी आले असं समजा."

खामगाव तिथून सतराएक किलोमीटर. रेल्वेने जायचं म्हटलं तर मुंबई-नागपूर मार्ग गावाला टाळून जलंबवरून निघून जातो, आणि जलंबहून खामगावपर्यंत १३ किलोमीटरांचा एक फाटा येतो. येतो आणि तिथेच संपतो. पण त्याला कमी लेखू नये. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि साहेबाला एकाएकी वऱ्हाडची काळी जमीन आठवली. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी वाढली की १८७० मध्ये हा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. माझी खात्री आहे, गर्दीतून कोणीतरी त्यालाही विचारलं असणार, 'लाटसाहेब, कोण्या गावचे?'

त्या मानाने दुसरी रेल्वे अजून यायचीच आहे. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी. सर्वेक्षणं होतात, निवेदनं जातात, निवडणुकीत घोषणा होते. 'बस, निघालोच' असं फोनवर सांगून आंघोळीला गेलेल्या पाहुण्यासारखी ती गाडी आहे. घाटावरच्यांचा जीव तिच्यासाठी अधिक तुटतो, कारण बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असूनही त्या शहराला रेल्वे नाही. हे वाक्य खामगावात घाटावरच्या माणसाशी वाद घालताना शेवटचं अस्त्र म्हणून वापरतात. त्यापुढे वाद चालत नाही.

सरांच्या घरी माझी स्थापना कूलरसमोर झाली. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात देवघराखालोखाल मानाची जागा ती. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की घरातली उतरंड कूलरपासूनच्या अंतरावर ठरते. पाहुणा अगदी तोंडाशी, मग घरातली वडीलधारी, मग पोरं, आणि गृहिणी स्वयंपाकघरात, जिथे कूलरचा फक्त आवाज पोहोचतो. कूलरच्या ताट्या नुकत्याच भिजवलेल्या होत्या. पाच मिनिटांत माझा शर्ट समोरून ओला आणि मागून घामाने ओला, अशी समतोल स्थिती आली.

कूलरसमोर बोलायचं म्हणजे सभेत बोलल्यासारखं बोलावं लागतं. सरांचे वडील मला काहीतरी विचारत होते. त्यांच्या ओठांवरून प्रश्न पगाराचा असावा असं वाटलं. मी मोघम उत्तर दिलं. त्यांनी कानाला हात लावला. मी आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा हात लावला. मी सगळा जोर लावून आकडा ओरडत असताना नेमकी लाईट गेली. कूलर थांबला. आकडा गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि तिथून कोणाचा तरी आवाज परत आला, "बस, इतकाच?"

तिथून पुढे लपवण्यासारखं काही उरलं नाही, आणि प्रेक्षकांसाठी दारं उघडली.

पाहुणा पाहायला सरळ कोणी येत नाही. त्याला रीत आहे. पहिल्या आल्या शेजारच्या वहिनी, विरजण मागायला. विरजण घेऊन त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि विरजणाचं दही लागेल इतका वेळ उभ्या राहिल्या. मग समोरचे काका, पेपर न्यायला. पेपर त्यांच्या काखेत होताच. मग सरांच्या शाळेतले दोन सहकारी, कारण नसताना. त्यांनी ते मान्य केलं म्हणून मला बरं वाटलं. "आपले मित्र आले म्हणे मुंबईचे. म्हटलं, पाहून यावं."

"मुंबईचा नाही, ठाण्याचा," मी म्हणालो.

"ठाण्यात? तिथी आमच्या जावयाच्या बहिणीचे दीर हायेत. वळखत असान."

ठाणे शहराची लोकसंख्या लाखांनी मोजतात, हे सांगून उपयोग नसतो. आपण ओळखत नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दया येते. इतकी वर्षं एका गावात काढून याला जावयाच्या बहिणीचा दीर माहीत नाही!

पुढचा प्रश्न पेपरवाल्या काकांचा. "वावर किती हाय?"

"शेती नाही आमची. फ्लॅट आहे. एक बेडरूम."

"म्हंजे किती गुंठे?"

मी मनातल्या मनात चौरस फुटांचे गुंठे करायला घेतले आणि उत्तर अर्ध्याच्या आसपास यायला लागलं तेव्हा नाद सोडला. सरांच्या आईने एवढ्या वेळात माझं वरपासून खालपर्यंत निरीक्षण पुरं केलं होतं. "लय वाळले हे पाव्हणे," असा निकाल देऊन त्या आत गेल्या. माझं वजन हा डॉक्टरांच्या काळजीचा विषय आहे, पण ते वेगळ्या दिशेने. त्या निकालाचे परिणाम मला दुपारी ताटावर भोगावे लागले.

मग एका शाळकरी पोट्ट्याला पुढे करण्यात आलं. "काकांना इंग्लिश पोएम म्हणून दाखव." पोरगं पाठीमागे हात बांधून, नजर माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरवर ठेवून सुरू झालं. दुसऱ्या कडव्यापाशी येतंय तोच बाहेरून आरोळी आली, "नळ आले!"

त्यानंतर जे झालं ते मी आजवर फक्त बसस्टँडवर, शेवटची एसटी लागल्यावर पाहिलं होतं. उन्हाळ्यात नळ रोज येत नाहीत, आणि येतात तेव्हा भांडी भरून होईपर्यंत राहतीलच असं नाही. सर नळी लावायला धावले, आई पिंपाकडे, वहिनी विरजण उंबऱ्यावर ठेवून आपल्या घरी, काका पेपर टाकून त्यांच्या घरी. पोरगं कवितेतून सुटल्याच्या आनंदात बादली घेऊन पळालं. इतका वेळ सगळ्या गल्लीचं लक्ष माझ्यावर होतं. नळ येताच खोलीत मी आणि बंद कूलर असे दोघेच उरलो. साऱ्या दिवसातली खरीखुरी निवांत अशी ती वीस-पंचवीस मिनिटं. पाहुण्याचा मान मोठा, पण नळाखालोखाल, हे मला तेव्हा कळलं.

पाणी भरून होतंय तोवर वकीलसाहेब आले, आणि पाठोपाठ घाटावरचा. तो बुलढाण्याहून बोथा घाट उतरून एसटीने आला होता आणि आल्या आल्या म्हणाला, "काय भट्टी हाय बे तुमच्या गावात!" झालं. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन तुकडे केलेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर. तालुके तेरा, कलेक्टर एक, पण हवा, पाणी, पीक, सोयरिकी आणि अभिमान सगळं दोन-दोन. घाटावरच्यांच्या मते खालची माणसं उन्हाने तापट झालीत. घाटाखालच्यांच्या मते वरची माणसं थंड हवेने सुस्तावलीत. आणि पाहुणा हाती लागला की दोन्हीकडचे तो आपल्या बाजूला ओढतात.

"इथी घामात कायले बसवता त्यायले? चला लोणारले," घाटावरचा म्हणाला. "जवळच हाय."

बुलढाणा जिल्ह्यात प्रत्येक गोष्ट जवळच असते आणि तिला पाऊण तास लागतो. खामगावहून लोणार शंभराच्या घरात किलोमीटर. लागणार पाऊण तास. सिंदखेडराजा त्याहून लांब. तरी पाऊण तास. नांदुऱ्याचा एकशे पाच फुटी हनुमान तर हायवेलाच उभा, त्यालाही पाऊण तासच. मी 'निवांत बसायला आलोय' असं म्हणून पाहिलं. ऐकलं कोणीच नाही, कारण तोवर लोणारच्या बाजूने घाटावरच्याची जोरदार तरफदारी सुरू झाली होती.

तसा लोणारचा पाहुणा या जिल्ह्यातला सगळ्यांत दणकट. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून अशनी आला, ना तार ना फोन, आणि बेसॉल्टच्या खडकात १.८ किलोमीटर रुंद जागा करून बसला. इंग्रजांच्या वतीने सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्या विवराची दखल घेतली. गावकऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधीच काठावर देवळं बांधून पाहुण्याची सोय लावली होती. २०२० साली टाळेबंदीत कोणी पाहायला फिरकेना, तेव्हा जून महिन्यात तळं आपणहून गुलाबी झालं. शास्त्रज्ञांनी सांगितलं की पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचा हा रंग. घाटावरच्याचं मत वेगळं. "कोणी पाह्यलं नाई तं असंच व्हते." त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला, तेव्हा रुसवा गेला असावा.

"लोणार राहू द्या. वाघाचं सांगा त्यायले," वकीलसाहेब म्हणाले. वाघ हा विषय निघाला की घाटावरचे आणि घाटाखालचे एकत्र येतात, कारण दोघांचाही त्याच्यावर हक्क आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर. महाराष्ट्र, तेलंगणा, पुन्हा महाराष्ट्र, शेतं, नाले, हायवे ओलांडत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळी भटकंती धरून सुमारे तीन हजार किलोमीटर चालला. जगभर त्याचं 'वॉकर' म्हणून नाव झालं. आता एवढा चालून आलेला तरुण, देखणा, सडाफटिंग पाहुणा, आणि जंगलात दुसरा वाघ नाही, वाघीण नाही. तेव्हा त्याच्यासाठी बाहेरून वाघीण आणावी का, असा विचार वरच्या पातळीवर झाला. वाघाला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. पण बिनलग्नाचा पाहुणा दिसला की स्थळ शोधायचं, ही वऱ्हाडी सवय वनखात्यापर्यंत पोहोचलेली पाहून मला जिल्ह्याविषयी आदर वाटला.

"मग तो वाघ घाटावरचा की घाटाखालचा?" मी विचारलं.

दोघेही क्षणभर गप्प झाले. मग सर म्हणाले, "तो शहाणा व्हता. घाटातच राह्यला."

सिंदखेडराजाचा प्रस्ताव आला तेव्हा मात्र तिघांचाही सूर एकदम बदलला. लखुजी जाधवांचा वाडा, १२ जानेवारी १५९८ ही जिजाऊंची जन्मतारीख, दर वर्षी त्या दिवशी लोटणारी गर्दी. घाटावरचा म्हणाला, "येणारे पाव्हणे लय झाले, पण आमी एक लेक बाहीर देली, ते अख्ख्या महाराष्ट्राले पुरली." यावर खामगावने एकही शब्द काढला नाही. घाटावरच्याने दिवसभरात निर्विवाद जिंकलेला तो एकच मुद्दा.

एव्हाना पाऊण-पाऊण तासांच्या चर्चेत दुपार झाली होती आणि जायचं कुठेच नव्हतं, कारण पानं वाढली होती.

मे महिन्यात वऱ्हाडात पाहुण्याला रसाचं जेवण. आंब्याचा रस, पोळ्या, कुरड्या, पापड, भजी, कढी, भरल्या वांग्याची भाजी, लोणचं, कांदा आणि शेवटी भात. रस वाटीत देत नाहीत. वाटी ही शहरी माणसाची खोड. मोठा वाडगा येतो. तो संपत आला की मागून पळी येते. 'पुरे' म्हणावं तर ऐकणारं कोणी नसतं, कारण वाढणारा माणूस आपल्या चेहऱ्याकडे न बघता वाडग्याकडे बघत असतो. हात आडवा धरला तर रस हातावर पडतो. मी सरांच्या आईंना म्हणालो, "आता नको, खरंच." त्या म्हणाल्या, "खरं नको असतं तं माणूस पयलेच म्हणते."

जेवताना विषय निघाला भेंडवळचा. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं मांडतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, भजी, वडे, करंजी, विडा-सुपारी. रात्रभर तिथे कोणी जायचं नाही. पहाटे जाऊन पाहायचं की कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ भिजलं, सुपारी जागेवर आहे का, आणि त्यावरून पाऊस, पीक, देशाची गादी यांचं भाकीत. विज्ञानवादी मंडळी दर वर्षी आक्षेप घेतात, वर्तमानपत्रं दर वर्षी छापतात, आणि शेतकरी दोन्ही ऐकून घेऊन शेवटी आभाळाकडे बघतो. सरांचे वडील कास्तकार. त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला, "पाऊस भेंडवळचं आयकत नाई, हवामान खात्याचंही आयकत नाई. पण भेंडवळवाले फुकट सांगतेत."

माझ्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट आली. ज्या जिल्ह्यात भजी आणि पापडांवरून देशाचं भविष्य सांगतात, तिथे पाहुण्याने पानात काय ठेवलं यावरून त्याचा स्वभाव न ओळखण्याइतके लोक अडाणी नसणार. मी गुपचूप उरलेली दोन भजी उचलली. आई म्हणाल्या, "पाह्यलं? भूक व्हती ना!" आणि चार वाढली.

दुपारी झोपायचं ठरलं होतं. अंग टाकलं, डोळा लागला, तेवढ्यात वकीलसाहेबांनी उठवलं. "चला, आमच्या घरी उलीसक बसून येऊ." उलीसक म्हणजे थोडंसं. वकीलसाहेबांच्या घरी आलुबोंडे. तिथून त्यांच्या भावाकडे, कारण भावाला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं, तिथे चिवडा. भावाच्या शेजाऱ्यांकडे, कारण त्यांना कळलंच होतं. तिथे सरबत, आणि सरबताने पित्त होऊ नये म्हणून चहा. प्रत्येक घरी तोच प्रश्न, तीच खुर्ची, तोच कूलर, आणि 'इंग्लिश पोएम' म्हणणारं दुसरं एखादं पोट्टं. पगार मात्र कोणी विचारला नाही. तो सकाळीच सगळ्यांना कळला होता.

दोन घरांच्या मधल्या वेळात आम्ही सराफ्यातून गेलो. खामगावला रजतनगरी म्हणतात; इथल्या चांदीचं शुद्धतेसाठी नाव आहे आणि लांबलांबची माणसं लग्नसराईत इथे येतात. ठाण्याहून निघताना बायकोने एका समईचं बोलून ठेवलं होतं. दुकानदाराने तागडी काढायच्या आधी सरबत काढलं आणि विचारलं, "सरांचे पाव्हणे ना तुमी? सकाळी कूलर बंद पडला तवा..." मी घाईघाईने समई पसंत केली. भाव त्याने चोख लावला. माझा पगार माहीत असल्यामुळे घासाघीस करायची वेळच आली नाही.

संध्याकाळी सरांच्या गच्चीवर पाणी मारलं, सतरंज्या टाकल्या आणि आम्ही चौघे बसलो. होस्टेलवरचे तेच ते किस्से निघाले. त्यांतल्या प्रत्येकात मार खाणारा माणूस दर वेळी बदलतो, हे आमच्या मैत्रीचं वैशिष्ट्य आहे. घाटावरच्याला परतीची एसटी गाठायची होती. ती त्याने गाठली नाही आणि नंतरचीही गाठली नाही. खालून आईंनी कलिंगड पाठवलं. आम्ही ते खाल्लं. त्या दिवशी खाल्लेल्या पदार्थांत आग्रह न होता पोटात गेलेलं ते एकटं कलिंगड.

निरोप ही वऱ्हाडात वेळ खाणारी गोष्ट. 'निघतो' हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा चहा ठेवला गेला. दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा टॉवेल-टोपी आली. पाहुण्याला रिकाम्या डोक्याने पाठवत नाहीत. तिसऱ्यांदा आम्ही सगळे उठून अंगणात आलो आणि तिथे उभ्याने गप्पा सुरू झाल्या. बसून जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं महत्त्वाचं बोलणं अंगणात झालं. कोणाची बदली, कोणाचं दुखणं, कोणाच्या मुलीचं ठरलंय पण अजून बाहेर सांगायचं नाही. ते मला सांगितलं आणि गल्लीतल्या जमलेल्या सगळ्यांनाही. तोवर आई माझी बॅग उघडून तिच्यात कुरड्या, पापड, लोणच्याची बरणी आणि पिशवीभर तुरीची डाळ भरत होत्या. "वावरातली हाय. तुमचं तं वावर नाई," असं म्हणून त्यांनी चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडली. आईंनी बॅगेवर गुडघा दिला. ती लागली.

शेगाव स्टेशनावर गाडी यायला वेळ होता. सरांनी परतीच्या वाटेसाठी कचोरीची पुडी घेतली. मी नको म्हणालो. त्यांनी दोन घेतल्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. सर थोडं ऐकून, ओशाळून मला म्हणाले, "आमची मोठी मावशी हाय. मेहकरले लग्नात गेल्ती, आत्ता घरी आली. तिले कोणी सांगतलं तुमी आल्ते म्हणून. लय तापली हाय. बोला तुमीच."

मी फोन कानाला लावला. गाडीची घोषणा, तिच्यावर मावशींचा आवाज.

"पाव्हणे, चालले म्हणे तुमी? अन् मले दाखवलेच नाई तुमाले!"

"मावशी, पुढच्या वेळी नक्की. या वेळी फक्त एका दिवसाची सवड होती."

"तेच तं म्हणते मी. पुढच्या येळी डायरेक माह्या घरी या, अन् चार दिवस राह्या," मावशी म्हणाल्या. "एका दिवसात काय माणूस पाहून व्हते का?"